मातीवरचे पांघरूण
अभ्यासपाठ : परसबागेतील आच्छादन

वाचन : उत्पत्ती २:८–१५, मार्क ४:१–९, लूक १३:६–९



आपल्या पत्रिकेत पाड्यांवरच्या परसबागांचे फोटो आपण अनेकदा पाहिले असतील. कुडाच्या घरामागे वेलावर लटकलेले दुधी, वांग्याची टवटवीत झाडे, शेजारी हसरी मुले. फोटो खरे आहेत. पण एक गोष्ट आम्ही आपल्याला कधी स्पष्टपणे सांगितली नाही. हे सगळे फोटो नोव्हेंबर ते जानेवारीतले असतात. एप्रिलमध्ये त्याच घरामागे गेलात तर बहुतेक ठिकाणी भेगाळलेली जमीन आणि वाळलेल्या काटक्या दिसतील. बियाण्यांसाठी आपण दिलेले दान वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण तीन-चार महिने त्या घरांत भाजी शिजली. पण वर्षातले सर्वांत कठीण महिने, ज्यांत लेकरांच्या ताटात भाजी यावी म्हणून आपण हे काम हाती घेतले, त्याच महिन्यांत परसबाग हात टेकते.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात पावसाची कमतरता नाही. चार महिन्यांत तेथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पण उतार तीव्र, जमीन मुरमाड आणि मातीचा थर पातळ. पाणी येते तसे वाहून जाते आणि फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी तळाला जातात. मग बायका डोक्यावर हंडे घेऊन उतार चढतात-उतरतात. अशा एका माऊलीला मी एकदा विचारले, "ताई, झाडे का सुकली? बी चांगले नव्हते का?" ती म्हणाली, "दादा, बी चांगलंच होतं. पण पाणी माझ्या डोक्यावर येतं. ते आधी लेकरांना, मग गुरांना, आणि उरलं तर झाडाला."

त्या उत्तराने मला गप्प केले. प्रश्न बियाण्यांचा नव्हताच. मोरीतून जाणारे जे चार तांबे पाणी झाडाला मिळते, ते मातीत किती दिवस टिकते, हा प्रश्न होता. म्हणून या अंकात आपण एका साध्या गोष्टीचा अभ्यास करणार आहोत : आच्छादन, म्हणजे मातीवर घातलेले पांघरूण. हा पाठ पाड्यांसाठी आहे, तसाच तुमच्या घराच्या बागेसाठी आणि चर्चच्या आवारासाठीही आहे. का, ते शेवटी येईल.

१. देवाच्या रानात माती उघडी नसते

कोणत्याही चांगल्या जंगलात जाऊन खाली वाकून पाहा. वर नुकता पडलेला पाला, त्याखाली अर्धवट कुजलेला, त्याखाली काळपट भुसभुशीत माती, आणि ती बोटाने उकरली तर भर उन्हाळ्यातही थोडी थंड लागते. तेथे कोणी नांगर धरला नाही, कोणी खत टाकले नाही. झाडाने जे मातीतून घेतले, ते पानांच्या रूपाने परत दिले.

हे निरीक्षण अनेकांनी वेगवेगळ्या ठिकाणी केले आहे. झिम्बाब्वेतील ब्रायन ओल्डरीव्ह हे ख्रिस्ती शेतकरी १९८०च्या दशकात शेती तोट्यात गेल्याने खचले होते. रानात जमिनीवर पडलेल्या पाल्याच्या थराकडे पाहून त्यांनी आपली पद्धत बदलली. त्यांच्या कामातून पुढे आलेल्या शिक्षणात या थराला 'देवाचे पांघरूण' म्हणतात आणि आफ्रिकेतील अनेक मंडळ्या आज ते शिकवतात. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनीही जंगलाचाच अभ्यास करून नैसर्गिक शेतीची मांडणी केली. बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा या तिच्या चार बाजू. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली.

मातीची सेवा हे मिशनच्या कामाला नवीनही नाही. सॅम हिगिनबॉटम हे मिशनरी सुवार्तेसाठी भारतात आले. येथील दारिद्र्य पाहून ते अमेरिकेला परत जाऊन शेतकीशास्त्र शिकले आणि १९१० मध्ये अलाहाबादजवळ नैनी येथे त्यांनी शेतकी शिक्षणाची संस्था सुरू केली. भुकेल्याच्या शेताकडे पाहणे हाही सेवेचाच भाग आहे, हे त्यांना उमगले होते.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला बागेत ठेवताना दोन कामे दिली आहेत : तिची मशागत करणे आणि तिची राखण करणे. मशागत आपण लक्षात ठेवली. राखण मात्र कुंपणापुरती राहिली. मातीचीही राखण करायची असते.

२. पांघरूण नेमके काय करते?

ओलावा टिकवते. उघड्या मातीवर ऊन आणि वारा सरळ लागतो. वरचा थर वाळला की खालचे पाणी वर ओढले जाते आणि तेही उडून जाते. मधे पाल्याचा थर असला की माती तापत नाही, वारा लागत नाही, आणि घातलेले पाणी मुळांच्या वाट्याला जास्त दिवस राहते.

पावसाचा मार झेलते. डोंगरावरच्या पहिल्या पावसाचे थेंब उघड्या मातीवर आपटतात, मातीचे कण फुटतात, त्यांचा लगदा होऊन छिद्रे बुजतात. मग पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन ओढ्याला जाते. पाला थेंबाचा मार आपल्या अंगावर घेतो आणि पाणी हळूहळू खाली सोडतो. चिखलाचे शिंतोडे टोमॅटो-वांग्याच्या खालच्या पानांवर उडत नाहीत, त्यामुळे मातीतून येणारे रोगही कमी होतात.

तण दाबते. तणाच्या बारीक बियांना उगवून वर यायला प्रकाश लागतो. तो मिळाला नाही तर बरेचसे तण वर येतच नाही. खुरपणीचे कष्ट वाचतात.

मातीला खाऊ घालते. गांडुळे, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव खालच्या बाजूने पाला खात असतात. वर्षभरात थर निम्म्याहून कमी होतो. तो नाहीसा झालेला नसतो, त्याची माती झालेली असते.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवर पडलेले बी लवकर उगवते, पण खोल माती नसल्याने ऊन चढताच करपते. आमच्या पाड्यांवर हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. तेथे प्रत्येक घराने तो आपल्या दारात पाहिलेला आहे. खोल माती एका दिवसात तयार करता येत नाही. पण दरवर्षी बोटभर पाला कुजत गेला, तर आपल्या लेकरांना आपल्यापेक्षा खोल माती मिळेल.

३. कशाचे आणि किती?

सुका पाला : आंबा, फणस, जांभूळ, ऐन, साग, पळस, करंज. सागाची पाने मोठी असल्याने ती हाताने चुरावीत, नाहीतर पत्र्यासारखी एकावर एक बसून पाणी अडवतात. थर ३ ते ४ इंच. दोन पावसांत तो निम्मा होतो.

सुके गवत, पेंढा, उसाचे पाचट : थर ३ इंच. गवत फुलोऱ्यात येण्याआधी कापलेले असावे, नाहीतर आपणच तणाचे बी पेरून बसतो. याच कारणाने बी धरलेले गाजरगवत कधीही वापरू नये.

भाताचे तूस : एक इंच पुरे. ते हलके असते, म्हणून टाकल्यावर वर पाणी शिंपडावे. लाकडाचा भुसा असल्यास तो मातीवरच ठेवावा, मातीत मिसळू नये. मातीत मिसळला तर तो कुजवणारे जीव तेथील नत्र वापरून टाकतात आणि झाडे पिवळी पडतात.

हिरवा पाला : गिरिपुष्पाचा पाला उत्तम, कारण तो लवकर कुजतो आणि नत्र देतो. मात्र तो पातळ पसरावा. ओला पाला जाड घातला की तो तापतो आणि कुबट वास येऊ लागतो.

वर्तमानपत्र व पुठ्ठा : शहरातील बागेत चार-पाच कागदांचा थर भिजवून त्यावर पाला घालता येतो. चकचकीत कागद आणि चिकटपट्टी काढून टाकावी.

किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. वाफा १० फूट लांब व ४ फूट रुंद असेल आणि ३ इंच थर द्यायचा असेल, तर १० घनफूट पाला लागतो. धान्याची मोठी पोती दाबून भरली तर साधारण तीन-चार.

४. कसे घालावे?

आधी तण काढा. मग वाफ्याला भरपूर पाणी द्या आणि ओल्या मातीवरच पांघरूण घाला. कोरड्या मातीवर जाड थर घातला, तर हलके पाणी पाल्यातच अडकते आणि मुळे तहानलेलीच राहतात.

बी उगवून रोप वीतभर होईपर्यंत थांबा. कोवळ्या रोपावर पाला पडला तर ते गुदमरते.

खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवा. खोडाला ओला पाला चिकटून राहिला तर साल कुजते. मोठ्या झाडांखाली पाल्याचा ढीग खोडाशी रचण्याची सवय चुकीची आहे. झाड मधे, भोवती मोकळी जागा, आणि तेथून बाहेर दोन-तीन फुटांपर्यंत थर अशी रचना हवी.

ऋतूप्रमाणे थर बदला. मुसळधार पावसात पातळ ठेवा, नाहीतर मुळांना हवा मिळत नाही आणि गोगलगायी वाढतात. सर्वांत मोलाची वेळ म्हणजे पाऊस ओसरल्यावरचे दिवस. ऑक्टोबरमध्ये माती अजून ओली असताना पांघरूण घातले, तर पावसाळ्याची ओल पुढे बराच काळ वापरता येते. जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा भर घाला.

५. आमच्या चुका आणि काही सावधगिरी

पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाने शिकवले आणि घाईत शिकवले. गवत घराच्या भिंतीपर्यंत पसरले, खोडाशी दाबून भरले. मिरचीची काही रोपे बुडाशी कुजली. एका घरी पाल्यात विंचू निघाला, आणि त्या घराने सगळा पाला उचलून बाहेर टाकला. त्यांचे बरोबरच होते. दवाखाना दूर असलेल्या पाड्यावर साप-विंचवाची भीती हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. आता आम्ही हे नियम पाळतो :

भिंत आणि दारापासून तीन-चार फूट अंतर सोडून पाला घालावा. पाल्यात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे. मुलांना तेथे अनवाणी खेळू देऊ नये. चुलीजवळ आणि शेकोटीच्या जागेजवळ सुका पाला ठेवू नये.

वाळवी सुक्या पाल्याला लागतेच. ती पाला खात असेल तर फार घाबरू नये. पण खोड मोकळे ठेवावे, थर अधूनमधून हलवावा आणि ओलसर ठेवावा. कोंबड्या पाला उकरतात, म्हणून वर काटेरी फांद्या ठेवाव्यात. रोगाने मेलेल्या झाडाचा पाला त्याच वाफ्यावर परत घालू नये.

६. पाला फुकट असतो का?

आता पाठातील सर्वांत कठीण भागाकडे येऊ. शहरातून आलेला माणूस सहज म्हणतो, "पाला तर फुकट आहे, मग घालत का नाहीत?" मीही असेच म्हटले होते.

पाड्यावर पाला फुकट नसतो. भाताचा पेंढा गुरांची वर्षभराची वैरण असते. झाडांच्या फांद्यांचे कवळ तोडून, पाला-गवत-शेणाचे थर देऊन भात व नाचणीच्या रोपांसाठी राब भाजला जातो. उरलेल्या काटक्या चुलीत जातात. जंगलातून आणावा म्हटले, तर तो जंगलाचेच पांघरूण आहे. एकाचे अंग झाकण्यासाठी दुसऱ्याचे उघडे करणे योग्य नाही. म्हणून "आच्छादन करा" असे सांगून मोकळे होणे म्हणजे त्या माऊलीच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवणे होय.

मग पाला आणायचा कोठून? लोकांबरोबर बसून शोधल्यावर तीन वाटा दिसल्या.

पहिली मोहाची. मोह असलेल्या अनेक भागांत मार्च-एप्रिलमध्ये फुले वेचण्यासाठी झाडाखालची जागा साफ करताना पाला पेटवून देतात. कधी ती आग रानातही शिरते. तोच पाला झाडून पोत्यात भरला तर जागाही साफ होते आणि परसाला पांघरूणही मिळते. उन्हाळ्यात नेमके हवे तेव्हाच ते हाती येते.

दुसरी कुंपणाची. गिरिपुष्पाची फांदी पावसाळ्यात रोवली की सहज जगते. घराभोवती आणि बांधावर तिचे कुंपण केले, तर दोन वर्षांनी वर्षातून दोन-तीन वेळा पाला कापता येतो. जंगलावर भार पडत नाही.

तिसरी तुसाची. भात भरडल्यावर उरणारे तूस पुष्कळदा गिरणीजवळच पडून असते. गावात गिरणी असेल तर ते मागून आणता येते.

तरीही सगळे परस झाकण्याइतका माल मिळत नाही. म्हणून आम्ही आता एवढेच सुचवतो : एका घराने मोरीच्या पाण्यावर जगणारी पाच आळी निवडावीत. शेवगा, पपई, वांगी, मिरची, घोसाळी. सगळा पाला त्या पाचांना द्यावा. एप्रिलमध्ये पाच झाडे हिरवी राहिली, तर मुलांच्या ताटाला ती पुरेशी मदत आहे.

काही हितचिंतकांनी प्लास्टिकच्या आच्छादनाचे रोल पाठवण्याची तयारी दाखवली आहे. त्यांच्या प्रेमाबद्दल आम्ही आभारी आहोत. मोठ्या भाजीच्या शेतीत तो कागद उपयोगी पडतो. पण परसात तो थोड्याच काळात फाटतो, तुकडे मातीत राहतात, आणि तो मातीला काहीच खाऊ घालत नाही. म्हणून आम्ही तो नम्रपणे नाकारला आहे.

७. आपल्या आवारातला धूर

आता आपल्याकडे वळू या. शहरातील कितीतरी चर्चच्या आवारात मोठी जुनी झाडे आहेत. सकाळी आवार झाडले जाते, कोपऱ्यात पाल्याचा ढीग होतो, आणि काडी लावली जाते. रविवारी आपण पाड्यांवरील परसबागांसाठी दान गोळा करतो, आणि सोमवारी ज्या वस्तूची तेथे इतकी वाण आहे तिचा धूर करतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घातली आणि त्यासाठी ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. पण दंडाच्या भीतीपेक्षा चांगले कारण आपल्याजवळ आहे. ज्याने बाग दिली, त्याने तिची राखणही सोपवली आहे.

शहराचा पाला डोंगरावर नेता येणार नाही. पण ज्या मंडळीने स्वतःच्या आवारात पाला जिरवून पाहिला, तिला पाड्यावरचे काम समजते. ती योग्य प्रश्न विचारते आणि धीर धरते. आपल्या महिला मंडळाने किंवा शब्बाथ शाळेच्या मुलांनी एक प्रयोग करावा. शेजारी-शेजारी दोन सारखे वाफे करावेत. दोन्हींत तेच रोप, तेवढेच पाणी. एकावर पाला घालावा, दुसरा उघडा ठेवावा. चार दिवस पाणी न देता दोन्हींत बोट दोन पेरे खुपसून पाहावे. मुलांना जे समजेल ते व्याख्यानाने समजणार नाही.

८. आणखी एक वर्ष

लूकच्या तेराव्या अध्यायात मालक तीन वर्षे अंजिराच्या झाडाकडे फळ पाहायला येतो आणि शेवटी ते तोडायला सांगतो. माळी एक वर्ष मागून घेतो. पण तो नुसता वेळ मागत नाही. त्या वर्षात आपण काय करणार हेही तो सांगतो : झाडाभोवती खणीन, खत घालीन. त्याचे लक्ष फांद्यांवरून मुळांकडे जाते.

पुष्कळदा आपणही त्या मालकासारखे अहवालात फळ शोधतो. किती परसबागा, किती लाभार्थी, किती फोटो. आम्ही आपल्याकडे माळ्यासारखे एक वर्ष मागत आहोत. या वर्षी आम्ही कमी बियाणे वाटू आणि जास्त वेळ मातीजवळ बसू. पुढच्या एप्रिलमध्ये, ऊन तापलेले असताना, आपल्यातील दोघे-तिघे जरूर आमच्याबरोबर पाड्यावर या. फोटो तेव्हा काढू. पाचपैकी दोनच आळी हिरवी असतील तर दोनच दाखवू.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. मशागत आणि राखण यांत काय फरक आहे? आपल्या घरात, मंडळीत कोणती गोष्ट आपण वापरतो, पण राखत नाही?
२. "पाणी माझ्या डोक्यावर येतं" या उत्तरातून मदत करणाऱ्याने काय शिकावे?
३. आपल्या चर्चच्या आवारातील पाल्याचे आज काय होते? येत्या महिन्यात त्यात कोणता बदल करता येईल?
४. माळ्याने मागितलेले एक वर्ष आपण कोणाला द्यायला हवे?

प्रार्थनेचे विषय

• उन्हाळ्यात दूरवरून पाणी वाहणाऱ्या माता-भगिनींच्या आरोग्यासाठी.
• या पावसाळ्यात लावल्या जाणाऱ्या गिरिपुष्पाच्या कुंपणांसाठी.
• मोहाच्या हंगामात रानांना आगीपासून संरक्षण मिळावे म्हणून.
• आम्हा सेवकांना सांगण्याआधी ऐकण्याची नम्रता मिळावी म्हणून.